व्हिसाची जाड फाईल

ऋतुराजच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही त्याच्या आईची, द्वारकाबाईंची तक्रार त्याला दात आले तेव्हापासूनची होती. घरात काही ठरायचा अवकाश, गावात बोभाटा. गाडी घ्यायची ठरली तेव्हा शोरूमची पायरी चढायच्या आधीच त्याने पेढे वाटले. गाडी शेवटी घेतलीच नाही. पेढे मात्र गावाने खाल्ले ते खाल्लेच.

या वेळी निमित्त सुनेचं होतं. दीपमाला शहरातल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, म्हणून बिऱ्हाड शहरातच होतं. ऊसतोडीला गेलेली माणसं दरसाल गावाकडे परत का येतात, यावर तिने उसाच्या फडांत बायांशेजारी बसून बसून एक निबंध लिहिला होता. तो वाचायला युरोपातल्या एका विद्यापीठाने तिला परिषदेला बोलावलं. त्या देशाचं नाव द्वारकाबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या नुसतं 'तिकडं' म्हणायच्या.

"व्हिसा अजून यायचाय," दीपमालाने नवऱ्याला बजावलं. "तोवर कुणाला काही बोलू नका."

"मी काहून बोलू?" ऋतुराज म्हणाला, आणि बाजाराच्या दिवशी गावी, पाचोडच्या स्टँडसमोर फ्लेक्स झळकला. मध्ये दीपमाला, तिच्या डोक्यावरून चाललेलं विमान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून भावकीतली यच्चयावत तोंडं.

"पाळणा हलायच्या आधी बारसं," द्वारकाबाई म्हणाल्या. पण गावात सत्कार ठरला तेव्हा नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत त्याच बसल्या. माजी सरपंच आप्पासाहेबांनी सुनेला शाल-श्रीफळ दिलं आणि माईक सासूपुढे धरला. द्वारकाबाईंनी जन्मात माईक धरला नव्हता, पण अख्खी भावकी समोर बसलेली, नाही कसं म्हणणार? त्या उठल्या आणि असं बोलल्या की बायांनी डोळ्याला पदर लावले आणि आप्पासाहेबांनी उपरण्याने नाक पुसलं. काय बोललो ते खाली बसल्यावर त्यांना धड आठवेना. बोलणं लोकांना लागलं, एवढं मात्र कळलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात बातमी आली, तीही भाषणासकट.

मग फाईलचं काम निघालं. तिकडच्या लोकांनी मोजके कागद मागितले होते. ऋतुराजला ते पटेना.

"मागितलं तेवढंच दिलं तर माणूस हलका वाटतो. फाईल कशी जाड पाहिजे."

"अहो, नको ते कागद लावू नका," दीपमाला म्हणाली.

"तू निबंधाचं बघ. हापिसातली कामं मला कळतात."

त्याने सातबारा लावला, आप्पासाहेबांचं शिफारसपत्र लावलं, फ्लेक्सचा फोटो लावला. कोर्टासमोरच्या एका भाषांतरवाल्याकडून सत्काराची बातमी इंग्रजीत करून घेतली, तिच्यावर गोल शिक्का मारून घेतला आणि ती सगळ्यांत वर लावली. सुनेची समाजात काय पत आहे, ते साहेबाला पहिल्याच पानावर कळावं म्हणून. मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर ती फाईल ठेवली तेव्हा धप्प असा आवाज झाला, हे तो आठवडाभर सांगत होता.

व्हिसा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं की, अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही.

"माणसं परत का येतात, त्याच्यावरच तर हिनं लिव्हलंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "अन् हिच्यावरच संशय? आमच्या घरातली बाई तिकडं कशाला ऱ्हाईल? काय कमी हाय हितं?" आपल्या घराण्यालाच कुणी पळपुटं म्हटल्यागत त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

दीपमालाने परत आलेली फाईल कपाटात टाकली. तिने परिषदवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, घरूनच कॉम्प्युटरवर वाचा. तेवढ्यावर निभलं असतं. पण तोवर ऋतुराजने फ्लेक्सची लाज राखायला गावाकडे फोन करून सांगून टाकलं होतं की दीपमाला पोचली. मग काय, पोचलेल्या बाईला स्वतःच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचीही चोरी झाली.

आणि नेमक्या निबंधाच्या दुपारी द्वारकाबाईंची धाकटी जाऊ, गोजरबाई, पाचोडहून एसटीने आली.

"म्हणलं, सून गेली, बाईंना घर खायला उठत असंल."

"उठतंय की," द्वारकाबाई म्हणाल्या. बंद खोलीतून दीपमालाचं इंग्रजी ऐकू येत होतं.

गोजरबाईने कान टवकारले. "ही तर दीपमाला."

"फोन हाय, काकू," ऋतुराज म्हणाला. "तिकडून बोलती."

"लई जवळून ऐकू येतंय."

"महागाचा फोन हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

गोजरबाई चहा पीत दाराकडे बघत राहिली. "अन् चपला हितंच ठेवून गेली व्हय?"

"तिकडं थंडी लई. बूटच घालतात," ऋतुराज म्हणाला.

तेवढ्यात आत टाळ्या वाजल्या. दार उघडलं आणि दीपमाला घाम पुसत बाहेर आली. अंगावर इस्त्रीची साडी, चेहरा उजळलेला. "झाला वाचून. लई आवडला त्यांना," म्हणाली, आणि गोजरबाईला बघून दारातच थबकली.

"आली का गं?" गोजरबाईने विचारलं.

"गेलेच नाही, काकू." दीपमालाने डोक्यावरचं ओझं उतरवावं तसं सगळं सांगून टाकलं. "मी परत येणार नाही, असं वाटलं त्यांना. काहून वाटलं, ते काल फाईल चाळली तेव्हा कळलं. पहिल्याच पानावर छापलं होतं. 'आता तिकडचीच हो. तिथल्या माणसांना जीव लाव. मागं वळून बघू नको, परत यायचं नाव काढू नको.' इंग्रजीत, शिक्क्यासकट."

"व्हय की," गोजरबाई म्हणाली. "मी पण रडले व्हते. बाई, हे तर तुमीच बोलला माईकवर. माह्या रत्नमालेच्या पाठवणीला पण असंच बोलला व्हता."

 आयुष्यात द्वारकाबाईंनी पोरी फक्त सासरी धाडल्या होत्या. लेकीबाळीला निरोप द्यायचे दुसरे शब्द त्यांच्याजवळ नव्हतेच. दीपमाला खाली बघत होती, आणि ती हसू दाबते आहे हे सासूला स्वच्छ दिसत होतं. ऋतुराजला तर धीरच आला. त्याने तोंड उघडलं.

"म्हंजी माय, तूच..."

द्वारकाबाईंनी पदर सावरला.

"मी दिला तो आशीर्वाद व्हता. आशीर्वाद कानानं ऐकायचा असतो. त्याला शिक्का मारून सरकारात दाखल करतेत व्हय? गाढवावर पोथ्या लादल्या म्हणून ते शास्त्री होत नाय, तसं फाईल जाड केली म्हणून तू शहाणा झाला नाय. जा, आजच्या आज पाचोडला जाऊन तो फ्लेक्स उतरव. अन् ऐक, उतरवायला चाललोय, हे वाटंत कुणाला सांगू नगं."