भुजंगराव गव्याचा खडा

एका जंगलात, मुलांनो, मुतखड्याला फार मान होता. हसू नका. ज्याच्या दारावर खडा टांगलेला, त्याला पंगतीत पहिलं पान.

हे खडे अस्वलवैद्यांनी काढलेले. चौघांनी रोग्याला दाबून धरायचं, वैद्यबुवांनी सुरी चालवायची आणि शंभर मोजायच्या आत खडा बाहेर. कधीकधी रोगीही जायचा. भुजंगराव गव्याचे आजोबा असेच गेले. पण खडा राहिला, चांगला कवठाएवढा! आता वैद्यबुवांचे हात थरथरत, तरी गर्दी त्यांच्याचकडे.

मग शहरात शिकून डॉक्टर चिचुंद्रीबाई आल्या. पहिला पेशंट भुजंगराव. बायकोने, तानूबाईने, त्यांना अक्षरशः ओढत आणलं होतं. बाईंनी बारीक नळी आत घातली, किरण सोडले, खड्याची भुकटी केली. कापाकापी नाही, टाका नाही. दुसऱ्या दिवशी भुजंगरावांना अशी मोकळी धार लागली की ते आनंदाने रडलेच.

तिसऱ्या दिवशी शेजारी आले.

"खडा कुठंय?"

भुजंगरावांनी भुकटीची डबी उघडली.

"ही तर रांगोळी!" रानडुक्कर म्हणालं. "फसवलं की हो तुम्हाला!"

झालं! भुजंगरावांना जागच्या जागी कळ आली. ते तडक दवाखान्यात गेले.

"बाई, खडा आतच आहे. मी निघालो वैद्यबुवांकडे."

बाईंनी तपासलं. आत काही नव्हतं. फोटो दाखवला, शपथ घेतली. गवा ऐकेना. ती थरथरती सुरी आणि हा भोळा जीव! रोग्याशी खोटं बोलू नये, असं बाई शिकल्या होत्या. त्या मागच्या दाराने नदीवर गेल्या आणि कवठाएवढा गोटा घेऊन आल्या.

"हा घ्या. द्यायचा राहूनच गेला होता."

कळ थांबली. गोटा दारावर चढला. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यापुढे रांग लागली.

एका संध्याकाळी बाई खालमानेने गोटे वेचत होत्या. मागून आवाज आला.

"तिथले संपले, बाई. चाळीस वर्षं मीच नेलेत. जरा खालच्या अंगाला बघा."

अस्वलवैद्य होते.

"म्हणजे भुजंगरावांच्या आजोबांचा...?"

"हरभऱ्याएवढा होता," वैद्यबुवा हळूच म्हणाले. "एवढ्याशासाठी बाप गेला, असं पोरांना सांगू होय?"

मग दोघांनी मिळून टोपली भरली.

तात्पर्य: डॉक्टर निवडताना त्याचा हात कसा आहे ते बघू नये. दवाखान्यामागे नदी आहे ना, तेवढं बघावं.