दुधाची कळ गेनूजी टेमगिरे यांनी यंत्राहाती दिली त्याची हकीकत

श्रीकामधेनु प्रसन्न. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सर, वैशाखमास. ते समयी एक दूधडेअरी होती, तिचे राज्याची हकीकत ऐसी जे, नाव पुसो नये, पुसिल्यास आम्ही सांगणार नाही. राज्यात पाच हजार लिटरांची कढई, तिचे खालोन वाफ, आणि त्या वाफेचे चाक गेनूजी टेमगिरे यांचे हाती सव्वीस वर्षे. दूध पंचाहत्तर अंशांवर राखावे, उतरो नये, चढो नये, हाच त्यांचा मुलूख. आणि त्यांचे हातून दूध कधी लागले नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करीत.

मग चेअरमन हुजुरांचे मर्जीस आले की यंत्र आणावे. यंत्र आले आणि त्यासमागमे वामनपंत उपासनी इंजिनियर आले. यंत्रास एक कळ, तिच्या चाली दोन : 'हाती' म्हणजे वाफ माणसाने सोडावी, 'आपोआप' म्हणजे यंत्राने. आणि काटे दोन : एक दुधाचा, दूध किती तापले ते दाखवी; दुसरा लाल, तो हुकमाचा; जितक्यावर ठेवाल तितके यंत्र तापवील. हुजुरांनी फर्माविले, "आज यंत्रानं दूध नीट तापवलं, तर गेनूजी, उद्यापासून तुम्ही फाटकावर." त्या दिवशी गेनूजींनी जेवणाचा डबा उघडिला नाही, हे आम्ही पाहिले आणि आमचा जीव तुटला.

मग गेनूजींनी हाती चालीत दूध पंचाहत्तरावर आणिले आणि वामनपंतांनी मोठ्या थाटाने कळ आपोआपवर फिरविली आणि घात जाहला. आदले दिवशी यंत्राकरवी कढई धुतली, तेव्हा पाणी नव्वदावर नेले होते आणि लाल काटा तेथेच राहिला होता. यंत्र बिचारे ताबेदार, नव्वद म्हणजे नव्वद! वाफ धडाधड सुटली, दूध सत्त्याहत्तर जाहले, एकोणऐंशी जाहले, आणि वामनपंत हुजुरांस यंत्राची थोरवी सांगण्यात दंग. लाल काटा एकट्या गेनूजींनी पाहिला. उगे राहते तर दूध करपते, यंत्राची अब्रू जाती आणि यांची जागा राहती. एक श्वासभर उगे राहिलेही, लपवावे कशास?

मग गरजले, "पंत, सरका! दूध लागंल!" आणि कळ हातीवर आणोन वाफ कोंडली आणि कढईस बाहेरोन थंड पाणी सोडिले आणि दूध पुन्हा पंचाहत्तरावर येऊन वाचले. वामनपंत पांढरेफटक पडले, परंतु माणूस खरा, हुजुरांस बोलिले, "साहेब, चूक माझी. लाल काटा मीच विसरलो."

"चुकतं माणूस," गेनूजी बोलिले. "आधी लाल काटा दुधाच्या काट्याशी जुळवायचा, मग कळ. तान्हं मूल दुसऱ्याकडं देताना घेणाऱ्याचे हात नीट आहेत का बघतोच की आपण." आणि स्वहस्ते काटे जुळविले आणि स्वहस्ते कळ आपोआपवर दिली. आपली जागा आपणच दिली हो! यंत्राने दुधाचा काटा केसभर हालू दिला नाही. गेनूजी हात मागे बांधोन पाहत राहिले आणि डोळे भरोन बोलिले, "गुणी आहे."

मग हुजूर बोलिले, "फाटकावर दुसरं कुणी बघू. गेनूजींनी काटे जुळवल्याबिगर इथली कळ कुणी फिरवायची नाही."

एवं दूध राहिले, गेनूजी राहिले, वामनपंतही शहाणे जाहले. यंत्र आपोआप चालते आणि गेनूजी शेजारी स्टुलावर बसोन त्यास "सावकाश रे बाबा" म्हणतात. त्यास ऐकू येत नाही, हे त्यांस ठाऊक आहे. तरी म्हणतात.