दाराला गुडघा लावा

या, असे जवळ सरका. एका सुताराची गोष्ट सांगतो. हसाल, आणि हसता हसता आपल्याच घरातलं काहीतरी आठवून गप्पही व्हाल.

या सुताराला सगळे 'करतोच मिस्त्री' म्हणत. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं, "करतोच." माणूस लोण्यासारखा मऊ. रोज सकाळी देवापुढे हात जोडून म्हणे, "आजपासून आळस सोडतोच." देवही बिचारा वाट बघत बसलेला.

दुसऱ्यांची दारं तो अशी बसवी की करंगळीनं उघडावीत. त्याच्या स्वतःच्या न्हाणीघराचं दार मात्र लेक रांगत होती तेव्हापासून खाली बसलेलं. आतून कडी लावली की अडकलीच. पण घरच्यांना त्याचं काही नव्हतं. दाराला गुडघा टेकवायचा, मूठ वर उचलायची, कडी सरकवायची. झोपेतसुद्धा जमे. इतकं जमे की दार बिघडलंय हेच सगळे विसरून गेले.

आणि आज त्या लेकीच्या लग्नाची तारीख ठरायची होती. नवऱ्या मुलाचे वडील यायचे होते. धंद्यानं घड्याळजी.

"बाबा, मिनिटाला मिनिट लावणारे आहेत ते," लेक म्हणाली. "घरात काही अर्धवट दिसलं तर लग्नाचं कठीण आहे."

"काळजी सोड. आज या घरात एक गोष्ट राहिलेली दिसणार नाही."

खरंच दिसली नाही. तीन पायांचं स्टूल पलंगाखाली गेलं, दार नसलेल्या कपाटावर चादर आली.

पाहुणे आले. कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ. चहा संपवून म्हणाले, "हात धुऊन येतो, मग तारखेचं बोलू."

गेले ते गेलेच.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "अहो, ही कडी निघत नाही."

"अगं बाई, दार!" मिस्त्रीची बायको कपाळाला हात लावून म्हणाली.

"गुडघा लावा, व्याही," मिस्त्री ओरडला.

"कुणाला?"

"दाराला. आणि मूठ वर उचला."

थोडी झटापट ऐकू आली. मग, "मूठ उचलली. हातात आली."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि दाराखालून नळाचं बाहेर आलं.

"नळही बंद होत नाहीये," आतून खबर आली.

"तो दाबून उलटा फिरवायचा असतो," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "बिजागऱ्या काढा. पेचकस कुठाय?"

"शेजाऱ्याकडे. मागून आणायचाय."

"कधी दिला होता?"

मिस्त्री छताकडे बघू लागला. लेक भिंतीला टेकून खालीच बसली, पाण्यात. तिच्या हातात कॅलेंडर होतं, तेवढं तिनं वर धरलं.

"बाजूला व्हा," आतून आवाज आला. "घरी मी कसं करतो ते करून बघतो."

आधी टाच आपटली, मग खांदा. दार धाडकन उघडलं आणि घड्याळजी थेट मिस्त्रीच्या गळ्यात पडले. चिंब भिजलेले, पण चेहरा खुललेला.

"घरी?" मिस्त्रीनं विचारलं.

"आमचं दार खांद्याचं आहे. कधीपासून सुतार बोलवायचाय."

"मी येतोच की. अरेरे, तुमचं घड्याळ भिजून बंद पडलं."

"छे हो, ते आधीपासूनच बंद आहे. बघायचंय एकदा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जन्माची ताटातूट झालेले भाऊ भेटावेत तसे ते कोरड्या जागी जाऊन बसले. आणखी चहा झाला. गळकं छप्पर निघालं, हलणारी खाट निघाली, गप्पा काही संपेनात.

"आणि तारीख?" लेकीनं कॅलेंडर पुढे केलं.

"ठरवूच की," दोघे एका सुरात म्हणाले. "घाई काय?"

तेव्हा मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा. कॅलेंडर हातात घेऊन ती अजून उभीच आहे. तिच्यासाठी एक शब्द टाका. आणि तेवढं मात्र आजच करा.