शामूनानांचा अकराचा खेळ

शामूनाना भर सकाळी अकरा वाजता स्वतःच्या घरात बॅटरी लावून हिंडत. बॅटरी तीन सेलची. तिचा झोत आमच्या गच्चीवरून पन्हाळ्याच्या दिशेनं मारला, तर गडावरचा चहावाला "कोन हाय रं तिकडं?" म्हणून ओरडेल, अशी. बाहेर ऊन इतकं की गल्लीतली म्हैस सावलीसाठी माझ्या स्कूटरखाली शिरायला बघतेय, आणि आत नाना पाहुण्यांच्या पायांपुढं उजेड टाकत म्हणतायत, "सांभाळून. पायरी हाय."

पायरी नव्हती. पण नानांनी उभा जन्म थेटरात डोअरकीपर म्हणून काढला होता. पायरी आहे असं बजावल्याशिवाय त्यांना माणूस आत घेताच येत नसे.

आता घर म्हणाल, तर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी, वर स्लॅब आणि पुढं एक जास्वंद. मंगळवार पेठेत डोळे मिटून दगड मारला तर असल्याच घरावर पडेल. पण नानांच्या दारावर पाटी होती : 'ऐतिहासिक घर. खेळ रोज अकरा वाजता. चपला बाहेर.' तिकीट फुकट, पण घेतल्याशिवाय प्रवेश नाही. थेटर बंद पडलं तेव्हा नानांनी बाल्कनीच्या गुलाबी तिकिटांचे गठ्ठे घरी आणले होते. ते एका जागी उभं राहून तिकीट देत, मग दोन पावलं मागं सरकून दारात उभं राहत, आणि आपणच दिलेलं तिकीट आपणच संशयानं निरखून फाडत. अर्धं परत.

"अर्धं जपून ठिवा. आत कुणी इचारलं तर?"

आत विचारणारे तेच.

या खुळाचं मूळ अमेरिकेत. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार, अशी आवई उठली होती. ते वाचवायला अमेरिकेनं आमच्या गल्लीतनं माणूस नेला. तो नानांचा विजय. जगाचे कॉम्प्युटर वाचले, विजय तिकडंच राहिला, आणि एका उन्हाळ्यात त्यानं आईवडलांना तीन महिने बोलावून घेतलं.

परत आल्यावर नाना चार दिवस नुसत्या गमती सांगत होते. विजयच्या घराला अकरा दारं. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, एकदा कपाट उघडलं आणि कोटांच्या गर्दीत पाव तास उभ्या राहिल्या. का, तर लिफ्ट हाय, आत्ता वर जाईल म्हणून! एकदा तर शेजारच्या गोऱ्या बाईच्या घरात शिरून तिची सगळी भांडी घासून आल्या. आम्ही पोट धरून हसलो. नानापण हसत होते.

आणि मग त्या घराची गोष्ट. विजयनं त्यांना एका टेकडीवर नेलं होतं. अमेरिका देश म्हणून उभा करणारी जी पहिलीवहिली माणसं, त्यातल्या एकाचं घर. देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानं लिहिलेला, पुढं तो अध्यक्षही झाला. नाव नानांच्या जिभेवर काही बसेना. मग त्यांनी कोल्हापुरी रिवाजानं त्याचं नाव ठेवलं 'पावणं'.

"मास्तर, पावणं लई डोकेबाज. पलंग कुठं, तर भिंतीत! ह्या अंगानं उतरला की हापीस, त्या अंगानं उतरला की कापडं घालायची खोली."

"आणि बायको कुठल्या अंगानं उतरायची?" मी विचारलं.

"बायकू तरणीच गेल्ती त्याची. पावणं लई वर्सं एकटंच ऱ्हायलं त्या घरात." नानांनी बॅटरी उगीच दोनदा चालू-बंद केली, आणि म्हणाले, "आता घड्याळाचं ऐका."

ते घड्याळ आमच्या गल्लीला फार महागात पडलं. पावण्याच्या दिवाणखान्यात घड्याळाची लोखंडी वजनं भिंतीवरून हळूहळू खाली उतरत, आणि भिंतीवर वारांची नावं लिहिलेली. वजन जिथं, तो वार. पण भिंत कमी पडली, तेव्हा पावण्यानं जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात सोडला. नानांनी तालमीतनं दगडी वजन मागून आणलं, दोरीनं टांगलं आणि रोज हातानं वीतभर खाली सोडायला सुरुवात केली. शुक्रवारी वजन फरशीला टेकलं. तळघर कुठलं? मग शनिवारी ते खिडकीतनं बाहेर सोडायचं ठरलं. खिडकीखाली गटार. तेव्हापासून सगळ्या जगाचा शनिवार कॅलेंडरात असे, आमचा गटारीत. एकदा गटार साफ करणाऱ्यांनी शनिवार उचलून नेला. त्या आठवड्यात नाना शुक्रवारावरनं थेट रविवारावर आले, आणि निम्म्या गल्लीचा मारुतीचा नारळ राहिला!

घरभर पाट्या लागल्या. 'मिठाचा डबा. साखर डाव्या हाताला.' 'न्हाणी. कडी आतनं लावू नये.' 'हे कपाट हाय. दार न्हवं.' असल्या पाट्या वाचून परगावचे पाहुणे हसून लोळत. पुढच्या दारापासून दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि फिरून पुन्हा पुढचं दार, असं म्हशीचं जाड दावं बांधलेलं. "दाव्याला धरून चला. बाकी कशाला हात लावू नका, हिस्ट्री हाय!"

एक पाटी मात्र वेगळी होती. 'ह्या स्लॅबला एकवीस दिवस डोक्यावरनं पाणी आणून मारलं : अक्काताई.' मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "पावण्याच्या घरातबी तसंच हाय. घर त्याचं, पर घाम गुलामांचा. रांधणारं, सुतार, माळी, समदी बांधल्याली माणसं. पावणं सगळी माणसं सारखी म्हणून लिवायचं, आणि ह्यास्नी राबवायचं. आता त्यांची नावं लावल्याती तिथं. उशिरा लावली." मग मला म्हणाले, "आपुन उशीर करू ने."

या खेळाचं रोजचं गिऱ्हाईक कोण? खुद्द अक्का! पावणे अकराला केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून रांगेत पहिल्या उभ्या. तिकीट घ्यायच्या, दाव्याला धरून निघायच्या, आणि स्वयंपाकघरात आल्यावर रोज तोच प्रश्न : "ही शेगडी कुनाची?"

"अक्काताईंची," नाना बॅटरी शेगडीवर मारून सांगत. "हिच्यावर पांढरा रस्सा शिजला की वासाच्या मागनं शिवाजी पेठेची माणसं ताटं घिऊन यायची."

"आगं बया!" अक्का म्हणायच्या, आणि आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारायचो. नवरा नमुना, आणि बायको त्याच्यावर वरचढ!

असं झकास चाललं असताना विजयचा फोन आला. बिल्डर तयार आहे, घर पाडून फ्लॅट करू, तुम्हाला चौथ्या मजल्यावर लिफ्टसकट मिळेल, डिसेंबरात येतो, सही करा. नानांचं तोंड उतरलं. माझ्याकडं आले.

"मास्तर, ह्या घराची एक वीट हलता कामा न्हाय. कायतरी सांगा."

माझी बुद्धी फिरली आणि मी म्हणालो, "सरकारदरबारी वारसा म्हणून नोंद करा. मग कोण पाडतंय?"

नानांनी अर्ज लिहिला. तोही पावण्याच्या पद्धतीनं. त्याच्याकडं म्हणे दोन पेनांचं यंत्र होतं; एकानं लिहिलं की दुसरं आपोआप नक्कल काढायचं. नानांनी फूटपट्टीला दोन बॉलपेनं बांधली. मूळ अर्ज मराठीत झाला, नक्कल कानडीसारखी दिसत होती. दोन्ही घेऊन आम्ही कचेरीत गेलो.

"वारसा लावायचाय," नाना म्हणाले.

कारकुनानं मान वर केली नाही. "मयत कोन?"

"कोन न्हाय."

"मालक कोन?"

"मी."

"मग तुमचा मृत्यूचा दाखला जोडा."

"आवो, मी हितं उभा हाय की!"

"त्ये दिसतंय, पावणं. पर तुम्ही मेल्याबिगर वारस चढत न्हाय. मेला की मुलाला धाडा, त्येच्या नावावर चढवू."

"त्योच तर पाडनार हाय!"

"त्ये घरात मिटवा. नेक्स्ट!"

परतताना रंकाळ्याच्या कठड्यावर नाना टेकले. मग म्हणाले, "मास्तर, मेल्याबिगर हिस्ट्री हुता येत न्हाय. पावण्यानं बरं केलं. सवताच्या थडग्यावर काय लिवायचं त्ये सवताच लिवून ठिवलं. आणि प्रेसिडेंट हुतो ह्ये लिवलंच न्हाय!"

"तुम्ही काय लिहिणार?"

"डोअरकीपर," नाना म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

डिसेंबरात विजय आला. बगलेत बिल्डरच्या नकाशाची गुंडाळी. वाजले होते अकराला पाच कमी. नानांनी त्याला दारात अडवला.

"तिकीट."

"नाना, माझं घर आहे हे!"

"आसंल. चपला भाईर. ती गुंडाळीबी भाईर."

विजयनं माझ्याकडं पाहिलं. मी माझं अर्धं तिकीट दाखवलं. नाइलाजानं गुंडाळी चपलांशेजारी ठेवून तो रांगेत आला, अक्कांच्या मागं. खेळ सुरू झाला. भिंत, वार, कपाट, पाट्या. विजय हसू दाबत होता. स्वयंपाकघरात अक्का थांबल्या.

"ही शेगडी कुनाची?"

"आई, तुझीच की!" विजय हसून म्हणाला.

अक्कांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. परक्याकडं बघावं तसं, मर्यादेनं. "व्हय?" म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

विजयचं हसू तिथंच थांबलं. माझंही. रोज अकरा वाजता मी त्या प्रश्नाला हसत आलो होतो.

अक्का दाव्याला धरून पुढं गेल्या. नाना हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या घरात ती कपाटात उभी ऱ्हायली, दुसऱ्याची भांडी घासून आली. आपुन हसलो. पर त्या पावण्याच्या घरात दोर हुता, पाट्या हुत्या, सांगनारं मानूस हुतं. तिथं सुरवातीपासनं शेवटापतूर एकदाबी चुकली न्हाय बग. हितं रोज अकराला तिला सगळं घावतं. शेगडी, न्हाणी, मीठ. चौथ्या मजल्यावर मी तिला काय दाखवू?"

विजयनं दावं धरलं.

अक्का दाव्याच्या शेवटाला, म्हणजे पुन्हा पुढच्या दारात पोचल्या. अर्धं तिकीट त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं. तिथं कालचं होतं, परवाचं होतं, गाठ लिंबाएवढी झाली होती. नानांकडं बघून त्या हसल्या.

"घर झ्याक ठिवलंय की, पावणं. घरधनीन कुठं दिसत न्हाय ती?"

"हाय की," नाना म्हणाले. "आतच आसंल."

"आणि तुम्ही कोन म्हनायचं?"

"मी व्हय? मी डोअरकीपर."

"बरं झालं. मग दावा की तिला."

नानांनी खिशातनं नवं तिकीट काढलं. दिलं. दोन पावलं मागं सरून फाडलं. विजयनं हात पुढं केला, "मलापण एक द्या." त्याचंही फाडलं. नकाशाची गुंडाळी चपलांत तशीच पडून राहिली. मग नानांनी ती तीन सेलची बॅटरी लावली, आणि दारातनं आत आलेल्या लख्ख उन्हात अक्कांच्या पावलांपुढं उजेड धरत म्हणाले,

"सांभाळून. पायरी हाय."