हमीदाखालांचं जपान

बहरीनमधल्या अरादला आमच्या इमारतीतल्या मुलांची ठाम समजूत आहे, की जपानी माणसं रत्नागिरीकडची मराठी बोलतात. हे पाप वरच्या मजल्यावरच्या हमीदाखालांचं.

खाला बाब अल बहरीनच्या बाजारातल्या एका दुकानात बायकांचे पायघोळ अबाया शिवतात. शुक्रवारी सुट्टी. जेवणं आटोपली की इमारतीतली पोरं त्यांच्याकडे जपानी कार्टून सिनेमा बघायला जमतात. दर वेळी तोच. खेड्यात आजीजवळ राहणारी एक चिमुरडी, हिरवीगार भातशेती आणि त्या शेतातला घराएवढा बेडूक, जो फक्त तिलाच दिसतो. खालांना जपानी येत नाही, आणि खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पळून जातात. म्हणून त्या आवाज बंद करतात आणि सगळ्यांचं स्वतःच बोलतात.

"अगो बाय, चिखलात कुठं चाललीस? पेज कोण खाणार, तुझा बापूस?" ही जपानी आजी.

"येते गो नानी, बेडकाला भेटून येते!" ही नात.

आणि मग छातीतून खर्ज काढून बेडूक, "यल्ला, बस पाठीवर!"

बेडूक अरबी का बोलतो, असं मी एकदा विचारलं.

"मोठा माणूस हाय तो. आमच्या मालकासारखा," खाला म्हणाल्या.

संवाद दर शुक्रवारी नवे. मागे एकदा आजीनं पोस्टमनला थांबवून कोलंबीचा भाव विचारला आणि महाग म्हणून हाकलून दिलं. पोरं हसून गडाबडा लोळली.

सिनेमाचा शेवट मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. शहरात नोकरीला असलेली मुलीची आई गावच्या वाटेवर दिसली रे दिसली, की "खलास! घरी पळा!" म्हणून खाला टीव्ही बंद करत.

गेल्या शुक्रवारी मी माझ्या लेकीला, इराला आणायला गेले, तेव्हा रिमोट सोफ्याच्या फटीत गेला होता. खाला कोपरापर्यंत हात घालून तो शोधत होत्या. तोवर पडद्यावर आई दारात पोचली आणि मुलगी आजीमागे लपली.

"खाला, आई काय म्हणते?" पोरं ओरडली.

खालांचा हात थांबला.

"म्हणते... सुट्टीच मिळाली नाय गो बाय. मागितली होती मी." हा आवाज आजीचा नव्हता, बेडकाचा तर नव्हताच. "फ्रॉक आणलाय तुला. अंदाजानं शिवलाय. ये ना."

आता मुलीनं बोलायची पाळी. पोरं खालांकडे बघू लागली. आणि माझ्या मराठी प्रश्नांना फक्त इंग्रजीत उत्तरं देणारी इरा खालांच्याच हेलात म्हणाली, "आलीस ती बरं केलंस गो. चल, तुला बेडूक दाखवते."

पडद्यावरच्या मुलीनं खरंच आईचा हात धरला आणि दोघी शेताकडे निघाल्या.

खालांची लेक शबाना गावाकडे तिच्या नानीजवळ वाढली, एवढं मला ठाऊक होतं. पहिल्या सुट्टीत खाला घरी पोचल्या, तेव्हा ती नानीच्या पाठीमागं दडून "ही कोण?" म्हणाली होती, हे त्यांनी त्या दिवशी चहा ओतताना सांगितलं.

"मग? पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय, लीव संपली," खाला म्हणाल्या आणि इराच्या कपात साखर जरा जास्तच घातली.