एकशे बेचाळीस पानांची संमती

मुद्रितशोधकांच्या लॅपटॉपला नऊ वर्षं पूर्ण झाली, त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्याच्या पडद्यावर सूचना आली: 'आपली कार्यप्रणाली कालबाह्य झाली आहे. ती अद्ययावत करण्यात येत आहे.' खाली दोन बटणं होती, 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने'. 'नको' असंही एखादं बटण असावं, अशी गरज कंपनीला भासली नव्हती.

एकतीस वर्षं छापखान्यात बसून मुद्रितशोधकांनी लोकांच्या चुका काढल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या कामासाठी फक्त घर उरलं होतं. लॅपटॉप नावाला त्यांचा; वापरायच्या त्यांच्या पत्नी, गणिताच्या बाई. रोज संध्याकाळी सहाला त्या त्यावरून नऊ मुलांना भूमिती शिकवत. मुलांची परीक्षा शनिवारी होती.

"अहो, 'आत्ता' दाबा आणि मोकळे व्हा," बाई म्हणाल्या. "सहापर्यंत होऊन जाईल."

त्यांनी दाबलं. अटी व शर्ती उमटल्या. पानं एकशे बेचाळीस. तळाशी निळं बटण: 'मी हे सर्व वाचले असून मला मान्य आहे.'

मुद्रितशोधकांनी चष्मा पुसला, वही आणि लाल पेन्सिल घेतली आणि पान एकपासून सुरुवात केली.

सहा वाजता ते एक्केचाळिसाव्या पानावर होते. बाईंनी फोनवरून शिकवणी उरकली. त्रिकोण तोंडी सांगावा लागल्यामुळे दोन मुलांच्या त्रिकोणाला चार बाजू निघाल्या.

"अहो, कुणी वाचतं का ते?"

"अगं, 'वाचले असून' असं लिहिलंय. न वाचता दाबलं तर ती खोटी साक्ष झाली."

मंगळवार असाच गेला. बुधवारी दुपारी, एकशे सव्विसाव्या पानावर, पडदा अचानक लाल झाला.

'आपल्या वर्तनात संशयास्पद बाब आढळली आहे. या मजकुरावर माणसे सरासरी दीड सेकंद थांबतात. आपण दोन दिवस पाच तास थांबला आहात. आपण यंत्र असण्याची दाट शक्यता असल्याने हा लॅपटॉप बंद करण्यात येत आहे.'

बाईंनी डोक्याला हात लावला. मुद्रितशोधकांनी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती.

"सर, आपण नेमकं काय करत होता?"

"वाचत होतो."

"का, सर?"

"मान्य करायचं म्हणजे आधी वाचायला नको?"

"सर, तो मजकूर वाचण्यासाठी नाहीये. मान्य करण्यासाठी आहे." मग तिने आवाज खाली आणला. "सेवा केंद्रात जा, सर. सोबत तुम्हाला ओळखणारा एखादा माणूस न्या."

गुरुवारी दोघं लॅपटॉप घेऊन सेवा केंद्रात गेले. काचेच्या टेबलामागच्या साहेबांनी मानवत्व-सिद्धीचा अर्ज पुढे सरकवला. मुद्रितशोधकांनी सवयीने चष्मा लावताच साहेबांनी अर्जावर पंजा ठेवला. "वाचू नका हो! इथे कॅमेरा आहे. पुन्हा अडकाल."

मग ते बाईंकडे वळले. "साक्षीदार आपण? यांनी आयुष्यात एकदा तरी न वाचता सही केलीय?"

बाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "आमच्या लग्नाच्या नोंदणीत ह्यांनी तीन चुका काढल्या होत्या. त्यातली एक माझ्या नावात होती."

"अवघड आहे," साहेब म्हणाले. ते मनाने चांगले होते. "एकच मार्ग आहे. पुन्हा तोच मजकूर उघडतो. तुम्ही दीड सेकंदात बटण दाबायचं. एका दमात."

"पण अजून सोळा पानं राहिलीत."

"अहो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला, "परवा परीक्षा आहे. नऊ मुलं आहेत."

मुद्रितशोधकांनी बायकोकडे पाहिलं. चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला. समोरचा मजकूर धूसर झाला तशी त्यांची हिंमत वाढली. तोंड फिरवून त्यांनी बटण दाबलं.

'अभिनंदन! आपण माणूस आहात.'

परतताना त्यांनी चष्मा खिशातच ठेवला. एकतीस वर्षांत न तपासता पुढे गेलेलं ते पहिलं पान होतं. लॅपटॉप मात्र सुरू झाला होता. नव्या कार्यप्रणालीचा भार न पेलून तो धापा टाकत होता, बाईंनी काढलेलं वर्तुळ मुलांपर्यंत अर्धं पोचत होतं. पण अर्ध्या वर्तुळावर मुलं पास होतात, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी, मनावरचं ओझं उतरवण्यासाठी, मुद्रितशोधकांनी वहीतल्या त्र्याऐंशी चुका सुवाच्य लिहून कंपनीला पाठवल्या. चार तासांत उत्तर आलं. कंपनी त्यांची शतशः ऋणी होती. विशेषतः चूक क्रमांक एकसष्टबद्दल.

"काय होती ती?" बाईंनी विचारलं.

"कलम एकशे अठरा म्हणत होतं, 'ग्राहकांची खासगी संभाषणे कंपनी विकू शकणार नाही.' आणि एकशे एकोणीस म्हणत होतं, 'विक्रीची पद्धत पुढीलप्रमाणे राहील.' मी लिहिलं, विसंगती आहे. एक दुरुस्त करावं."

"मग त्यांनी काय केलं?"

"एकशे अठरातलं 'नाही' काढलं. छपाईची चूक होती म्हणे."

"तुम्ही एकशे एकोणीस काढा म्हणून का नाही लिहिलंत?"

"अगं, मुद्रितशोधकाने विसंगती दाखवायची. काय ठेवायचं ते लेखकाने ठरवायचं."

सुधारित अटी त्याच दुपारी जगभरातल्या सगळ्या ग्राहकांना पुन्हा संमतीसाठी पाठवण्यात आल्या. संध्याकाळच्या आत एकजात सगळ्यांची संमती जमा झाली.

तुम्हालाही आली होती ती सूचना. तुम्ही दुसरंच काहीतरी उघडायच्या घाईत होता.