प्रश्नशुद्धीचे पाच टप्पे

माणसाला उत्तरं मिळत नाहीत, याचं कारण त्याचे प्रश्न अस्वच्छ असतात. आमच्या गावाबाहेरच्या मौनकेंद्राने हे ओळखलं आणि उत्तरांचा विभाग कायमचा बंद केला. (तिथे आता चपला ठेवतात.)

पद्धत सोपी आहे. येताना साधकाने आपला प्रश्न छापील अर्जावर लिहून द्यायचा. मग नऊ दिवस मौन. दहाव्या दिवशी प्रश्न पुन्हा लिहायचा. तो आखूड झाला असेल, तर प्रगती. लांबला असेल, तर साधक घरी फोन करतोय असं समजून झडती.

आमच्या शेजारच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने पहिल्या अर्जात लिहिलं : "मुलगी आठ महिने माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं?"

"अहो, हे मला विचारायचंत ना!" बायको म्हणाली. "आयती यादी दिली असती. पाठपोट."

पण बायकोच्या यादीला मान्यता नाही. तो गेला.

पहिल्या मौनानंतर त्याचा प्रश्न झाला, "चूक म्हणजे काय?" दुसऱ्यानंतर, "चुकतो कोण?" तिसऱ्यानंतर, "कोण?" संचालकांनी पाठ थोपटली. चौथ्यानंतर कागदावर नुसतं प्रश्नचिन्ह उरलं. केंद्राच्या पाहणीनुसार शंभरातले ब्याऐंशी साधक इथवर पोचतात. (उरलेल्यांना नातेवाईक घेऊन जातात.)

नेमकी त्याच दिवशी मुलगी भेटायला आली. आईने पाठवलं नव्हतं. आपली आपणच आली होती.

इथे नियम बारा लागू होतो : भेटीला आलेल्यांशी साधकाने फक्त आपला शिल्लक प्रश्न बोलावा.

फाटकाच्या गजांमधून मुलगी म्हणाली, "बाबा, भांडायला नाही आले मी. मला माफी पण नकोय. एकदा फक्त विचारा, माझं काय चुकलं म्हणून. मी सांगते आणि विषय संपवू."

त्याच्याकडे शिल्लक होतं ते चिन्ह. चिन्ह बोलता येत नाही. नियमाशी प्रामाणिक राहून त्याने भुवया उंचावल्या.

मुलीने पर्स खांद्यावर सरकवली. "बरं," म्हणाली, आणि बस पकडायला निघून गेली. रखवालदाराने वहीत नोंद केली : भेट शांततेत पार पडली.

पाचव्या मौनानंतर त्याने कोरा अर्ज दिला. तो चौकट करून कार्यालयात लावलाय. नवे साधक त्यापुढे हात जोडतात. आमचा शेजारी आता घरी असतो, प्रसन्न असतो. बायको म्हणते, "पूर्वी निदान चिडायचे तरी."

वाचकहो, मुलीचं पुढे काय झालं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुम्ही अजून कच्चे आहात. प्रवेश चालू आहेत. आला नसेल, तर उगाच नाव घालू नका. तुमचं शिक्षण घरीच पूर्ण झालंय. खात्री हवी असेल, तर घरातल्यांना विचारा. अजून कोणी बोलत असेल तर.